कुंडलिकेकाठी मुक्कामाला जाण्यापूर्वी

रेवदंड्याला आलेले पाहुणे हल्ली समुद्र पाहून झाला की विचारतात, नदीकाठी तंबू ठोकून राहता येईल, धबधबा बघता येईल अशी जागा जवळपास आहे का? आहे, आणि तीही आमच्या खाडीला मिळणाऱ्या कुंडलिकेवरच. तिच्या काठाने हिंडून जे उमगलं, ते त्यांना सांगत असतो.

१. पाणी कधी सुटतं, ते आधी विचारा. भर मे महिन्यातही कोलाडला नदी खळाळते, ती टाटांच्या भिरा वीजकेंद्रामुळे. १९२७ साली सुरू झालेल्या या केंद्रासाठी मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली उतरवलं. मुळा-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचं पाणी असं रेवदंड्याच्या समुद्राला मिळतं. सकाळचं राफ्टिंगही या सोडलेल्या पाण्यावरच चालतं. संध्याकाळी उघडे पडलेले गोटे पाहून पात्रात तंबू लावायचा मोह होतो. लावू नका. पाणी चढतं तेव्हा आभाळात ढगही नसतो. काठच्या गावातलं माणूस दाखवील तिथेच झोपा.

या मुळशी धरणातच मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. राफ्टमध्ये बसणाऱ्या पोरांना हे ठाऊक असलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

२. देवकुंडचा धबधबा दिवाळीनंतर. भिऱ्याहून रानातून पायी जावं लागतं आणि वाटेत ओढे लागतात. वर डोंगरात पाऊस कोसळला की ओढा फुगतो, परतीची वाट तुटते. पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं ते उगाच नाही. गावातला वाटाड्या घ्या, आणि पोहता येत असलं तरी कुंडात उतरू नका.

३. एक रात्र फणसाडला काढा. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागायचं. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावला वनखात्याच्या तंबूंची सोय आहे. आधी चौकशी करून जा. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उजाडताना गाणाजवळ गप्प बसायची तयारी असेल तर शेकरू दिसण्याची आशा धरा. स्पीकर लावणाऱ्यांनी इकडे फिरकूच नये.

४. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटी पाहा. कोर्लईच्या किल्ल्यासमोर ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते, लोक गाड्या खाली घालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तीच वाळू बघता बघता बुडते. गाडी वरच्या रस्त्यावर लावा आणि चालत उतरा.