प्रादेशिक आराखडा : गोव्याच्या अनुभवाचा एक पाठ

सडा, झरा, शेत आणि खाडी हीं निरनिराळीं दिसलीं तरी गोव्यांत त्यांचा संसार एकच आहे. सड्यावरील जांभा दगड पावसाचें पाणी शोषून घेतो. तेंच पुढें पायथ्याशीं झऱ्याच्या रूपानें प्रकट होतें, शेतें भिजवितें व अखेरीस खाडीस मिळतें. खाडीकांठच्या खाजण जमिनी पूर्वजांनीं बांध घालून पिकाखालीं आणल्या. त्या बांधांत बसविलेल्या 'मानस' नांवाच्या दारांमुळें भरतीचें खारें पाणी अडतें व ओहोटीस आंतलें पाणी बाहेर जातें. अशा प्रदेशांत वर सडा फोडला तर खालची विहीर आटण्याचें भय असतें. म्हणून कोणती जमीन कशाकरितां वापरावी, हें साऱ्या प्रदेशाचा एकत्र विचार करून ठरवावें लागतें. ह्या योजनेस प्रादेशिक आराखडा म्हणतात.

गोव्याचें क्षेत्रफळ अवघें ३,७०२ चौरस किलोमीटर. तेथें १९७४ सालीं नगर व ग्राम नियोजनाचा कायदा झाला. त्याखालीं '२०११ चा आराखडा' २००६ सालीं जाहीर होतांच शेतें व डोंगर वस्तीसाठीं मोकळे होणार म्हणून लोकांत मोठा क्षोभ उसळला, आणि २००७ सालीं तो मागें घ्यावा लागला. त्यानंतर एका कृतिदलानें '२०२१ चा आराखडा' सिद्ध केला. ह्या दलांत ख्यातनाम वास्तुशास्त्रज्ञ चार्लस कोरिआ हेही होते. मसुदा गांवोगांवच्या पंचायतींपुढें ठेवून सूचना मागविल्या गेल्या. २०११ पर्यंत तो जाहीर झाला. परंतु २०१२ सालीं नव्या सरकारनें तो स्थगित ठेविला.

इतके श्रम होऊनही सुधारणा कां अडावी? पहिलें कारण असें कीं, आराखडा सर्वांचा असतो, पण त्याचा भार ज्याच्या त्याच्या जमिनीवर पडतो. चार मुलांच्या बापास घरासाठीं जागा हवी असतां त्याची एकुलती एक जमीन नकाशांत बागायत ठरली, तर त्याचें दुःख खोटें म्हणतां येत नाहीं. दुसरें, नकाशा व प्रत्यक्ष जमीन ह्यांत चुका राहतात. त्या दुरुस्त करण्याची वाट असलीच पाहिजे. मात्र तीच वाट सरसकट बदलाचा राजमार्ग झाली, तर आराखडा नांवापुरताच उरतो. एका भूखंडास सवलत मिळाली कीं शेजारीही ती मागतो, आणि तुकड्यातुकड्यानें सारा डोंगर जातो.

२०२३ सालीं कायद्यांत ह्याच हेतूनें एक पोटकलम आलें : अनवधानाच्या चुका सुधाराव्या व विसंगत विभागणी दुरुस्त करावी. त्याखालीं एकेका भूखंडाचा वापर बदलूं लागतांच नागरिक न्यायालयांत गेले. आणि २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें त्या पोटकलमाखालचे नियम रद्द ठरविले.

ह्यावरून बोध असा कीं, कायद्याची अक्षरें बदलणें सोपें. लोकांचा विश्वास मिळविणें कठीण. तो मिळण्यास नकाशा गांवकऱ्यास समजेल असा हवा, प्रत्येक बदलाचें कारण उघड हवें, आणि गरजवंताच्या घरास व धनिकाच्या हव्यासास एकच माप लावतां कामा नये.

विद्यार्थ्यांनीं सुटींत वडीलधाऱ्यांसह आपल्या गांवचा नकाशा पाहावा. विहिरीस पाणी कोणत्या डोंगरांतून येतें, ओढा कोठून वाहतो व त्या जागा नकाशांत कशासाठीं राखिल्या आहेत, हें शोधून वहींत टिपून ठेवावें. उद्यां ग्रामसभेंत बसण्याची पाळी त्यांचीच आहे.