बियाणे बदलले, शेती बदलली



आदिवासी कुटुंबांना बियाणे पाठवण्याआधी आपण हरितक्रांतीचा धडा समजून घ्यावा, असे मला वाटते.

१९६५ आणि १९६६ साली देशात लागोपाठ दुष्काळ पडला. लाखो घरांची चूल अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर पेटत होती. आपला गहू उंच वाढे. खत जास्त झाले की ओंबीच्या भाराने आडवा होई. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेला गहू बुटका होता, म्हणून खत देऊनही उभा राही. १९६६ मध्ये भारताने असे १८,००० टन बियाणे आणले. डॉ. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि पंजाबचे शेतकरी राबले. १९६४-६५ मध्ये सुमारे १२३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १६५ लाख टनांवर गेले.

हे उपकार मोठेच आहेत. पण असे बियाणे एकटे येत नाही. त्याला हमखास पाणी, खत आणि भांडवल लागते. पंजाबात पुढे भूजल खोल गेले. मग डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर कसणाऱ्याने काय करावे? त्याची नाचणी-वरई हलक्या जमिनीत तग धरते आणि बियाणे घरच्या कणगीत राहते. संकरित बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते.

म्हणून मदत देताना मी तीन प्रश्न विचारते: पाणी किती? खताला पैसा कुठला? पुढच्या वर्षी बियाणे कोठून? तुम्हीही दान देताना हेच विचारा. उत्तरे त्या कुटुंबाकडूनच ऐका.