वर्गातील यंत्र आणि शिक्षकाचा प्रश्न

भिलाईच्या पोलाद-कारखान्याला लागणारे पाणी मरोदा येथील जलाशयात साठविले जाते. मरोद्याच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा जलाशय नवा नाही. ‘बाष्पीभवन’ या शब्दाची व्याख्याही त्याला पाठ असते. परंतु “उन्हाळ्याच्या एका दिवसात या जलाशयातील किती पाणी वाफ होऊन उडून जाते?” असे विचारले, तर तो निरुत्तर होतो. पुस्तकातील व्याख्या आणि डोळ्यांसमोरचे पाणी यांची त्याच्या मनात कधी गाठच पडलेली नसते.

आज अनेक शाळांत संगणक आहे, आणि निदान शिक्षकापाशी मोबाइल फोन असतो. त्यावर बाष्पीभवनाची चित्रफीत दाखवून तास संपवावा, की त्या साधनाकडून दुसरे काही काम घ्यावे? याचा विचार करण्यापूर्वी, मरोद्यापासून फार दूर नसलेल्या रायपूरच्या परिसरात पूर्वी झालेला एक मोठा प्रयोग आपण पाहू.

आकाशातून आलेला पाठ

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारताने उपग्रहाच्या साहाय्याने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यासाठी अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरण्यात आला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी स्थिर भासे. जमिनीवरून पाठविलेले कार्यक्रम तो सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांकडे परत पाठवी. तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर-परिसराची खेडी त्यांत होती. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी हे कार्यक्रम ग्रहण करीत असे. सकाळचा दीड तास शाळांसाठी राखलेला होता. तो चार भाषांत विभागल्यामुळे प्रत्येक भाषेच्या वाट्याला बावीस-तेवीस मिनिटे येत.

प्रयोगाच्या पाहणीत असे दिसून आले, की मुलांच्या भाषेचा विकास झाला व त्यांची जिज्ञासा वाढली. मात्र शाळेतील पटसंख्येवर किंवा गळतीवर त्याचा परिणाम झाला नाही. यात नवल नाही. पडदा बोलत असे, पण त्याला ऐकू येत नसे. एखाद्या मुलाला शंका आली, तरी पाठ त्याच्यासाठी थांबत नसे. ती उणीव भरून काढणारा एकच माणूस खेड्यात होता, तो म्हणजे शिक्षक. प्रयोगाच्या योजकांनीही हे ओळखले होते. सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना त्यांनी विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण दिले, आणि त्यात दूरचित्रवाणीच्या जोडीला छापील पाठ, चर्चा व प्रत्यक्ष कृती यांनाही स्थान दिले.

थांबविता येणारा पाठ

पुढील काळात साधन बदलले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पानावरील चौकोनी खूण फोनने टिपली, की त्या पाठाशी संबंधित ध्वनी किंवा चित्र समोर येते. या कार्याबद्दल त्यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. उपग्रहाचा पाठ ठरल्या वेळी येई आणि निघून जाई. हा पाठ मुलाला हवा तेव्हा थांबविता येतो व पुन्हा ऐकता येतो. हा लाभ मोठा आहे. तथापि ज्याच्या घरी फोन नाही, त्याच्यापर्यंत तो घरबसल्या पोचत नाही. म्हणून वर्गातील पाठ असा रचावा, की एकाच फोनवर साऱ्या वर्गाचे काम भागेल.

एक नमुनापाठ

मरोदा जलाशयाचा आपला प्रश्न आता पुन्हा घेऊ.

पहिली पायरी अंदाजाची. प्रश्न फळ्यावर लिहावा व प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत नोंदवावा. या वेळी फोन बंदच असावा.

दुसरी पायरी हाताची. पसरट, उभ्या काठाच्या भांड्यात पाणी घेऊन ते शाळेच्या उघड्या अंगणात ठेवावे. पट्टीने पाण्याची खोली मोजावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावी. समजा, पातळी ५ मिलिमीटरने उतरली.

तिसरी पायरी यंत्राची. जलाशयाचा विस्तार पट्टीने मोजता येत नाही. येथे फोनवरील उपग्रह-नकाशा उपयोगी पडतो. नकाशातील प्रमाणरेषेनुसार चौकोन आखलेला पारदर्शक कागद चित्रावर ठेवावा, व पाण्याने व्यापलेले चौकोन मुलांनी मोजावेत.

आता हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले, तर ते १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर होते. पाच मिलिमीटर उडाले, तर ५० लाख लिटर!

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगावयास हवी. लहान भांडे सर्व बाजूंनी लवकर तापते, त्यामुळे त्यातील बाष्पीभवन जलाशयाहून अधिक होते. जलशास्त्रात भांड्याच्या मापाला सुमारे ०.७ने गुणून ही चूक सुधारतात. “आपले उत्तर खऱ्याहून मोठे का आले?” हा प्रश्न वर्गातून उठला, तर पाठ यशस्वी झाला असे समजावे.

तात्पर्य

या पाठात पाण्याची खोली हाताने मोजली, कारण ती हाताने मोजता येत होती. विस्तारासाठी यंत्र घेतले, कारण तेथवर हात पोचत नव्हता. साधनाच्या उपयोगाची हीच कसोटी होय. वर्गात यंत्र आल्याने शिक्षकाचे काम कमी होत नाही. कोणता प्रश्न केव्हा विचारावा आणि यंत्र केव्हा बंद ठेवावे, हे ठरविण्याचे नवे काम त्याच्याकडे येते. ते त्याने टाळले, तर पडदा कितीही तेजस्वी असो, मुले केवळ प्रेक्षकच राहतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील तळ्याचा विस्तार वरील रीतीने काढा.
२. जानेवारी व मे महिन्यांतील मापांची तुलना करा. फरकाची कारणे कोणती?
३. आपल्या पाठ्यपुस्तकातील असा एक पाठ निवडा, की ज्यात यंत्राची मुळीच गरज नाही. कारण सांगा.