प्रचाराचा भडिमार आणि घोषवाक्याची भाषा

मागील घटकात आपण जाहिरातीच्या भाषेचा परिचय करून घेतला. सुटी जाहिरात आपण वाचतो किंवा पान उलटतो. परंतु तेच वाक्य सकाळी वृत्तपत्रात, दुपारी रस्त्यावरील फलकावर आणि रात्री दूरचित्रवाणीवर भेटू लागले, की ते जाहिरात म्हणून जाणवेनासे होते. अल्प काळात, अनेक माध्यमांतून एकाच वेळी केलेल्या अशा प्रचाराला आपण 'प्रचाराचा भडिमार' म्हणू.

२००३ च्या अखेरीस तत्कालीन केंद्र सरकारने हाती घेतलेली 'इंडिया शायनिंग' ही मोहीम याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. खर्च सरकारी तिजोरीतून झाला होता आणि लोकसभेची निवडणूक जवळ आली होती. सरकारची जाहिरात कोठे संपते आणि पक्षाचा प्रचार कोठे सुरू होतो, हा वाद त्यातूनच उद्भवला.

आता शब्दांकडे पाहा. हिंदीत हीच मोहीम 'भारत उदय' झाली. वरवर समानार्थी वाटणाऱ्या या दोन घोषणांत मोठे अंतर आहे. 'उदय' हा आरंभ असतो. उगवत्याकडून अजून अपेक्षा ठेवता येते. 'शायनिंग' मात्र झळाळी आलीच आहे, असे बजावते. शिवाय येथे झळाळतो तो 'इंडिया'. 'इंडिया' आणि 'भारत' हा भेद शरद जोशी यांनी शेतकरी चळवळीतून मराठी वाचकांच्या मनात कितीतरी आधी रुजवला होता. कर्जाखाली दबलेल्या कापूस उत्पादकाच्या कानाला हे घोषवाक्य कसे लागले असेल, याची कल्पना करा. (त्या काळचा 'फील गुड' हा शब्दप्रयोगही मराठीत आला, पण बहुधा उपहासानेच टिकला.)

काँग्रेसने उलट विचारले, 'आम आदमी को क्या मिला?' विधानाला प्रश्नाने दिलेले हे उत्तर होते. मे २००४ च्या निकालात भाजप १८२ जागांवरून १३८ वर आला. पराभवाचे सारे खापर घोषवाक्यावर फोडणे मात्र घाईचे ठरेल. तमिळनाडूसारख्या राज्यांत आघाड्यांचे गणितही बदलले होते. तरीही एवढे म्हणता येते, की भडिमाराने वाक्य सर्वांना पाठ झाले, आणि ज्याच्या घरी ते खरे नव्हते त्याला प्रत्येक पुनरुक्तीने आपण वगळले गेल्याची आठवण करून दिली.

कृती : सध्या तीन माध्यमांतून एकाच वेळी भेटणारे एखादे घोषवाक्य निवडा. त्यातील कर्ता कोण, क्रियापदाचा काळ कोणता आणि खर्च कोणाचा, हे अभ्यासवहीत नोंदवा.