भिंतीवरचे चित्र आणि गोणपाट

वाचन : संत याकोबाचे पत्र 2:1-9



शाळेच्या भिंतीवर रंगवलेले सावित्रीबाई फुले यांचे चित्र आपण पाहिलेले आहे. कपाळावर ठळक कुंकू, हातात पुस्तक. 1848 साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवायला जात तेव्हा वाटेत लोक अंगावर शेण टाकत. पुढे फुले दांपत्याने महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. चित्रात शेण बहुधा दिसत नाही. रंगाऱ्याला दोष नको, भिंत लहान असते.

त्या भिंतीवर आणखी एक मुलगा हवा होता. जून 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचे म्हणणे असे पडले, की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण त्याला घेतले तर इतर मुले शाळा सोडतील! प्रकरण थेट लंडनपर्यंत गेले. सरकारी शाळेत जातीवरून कोणालाही नाकारू नये, असे 1858 साली कंपनीच्या संचालकांनी ठरवले.

दार उघडले. पण आत बसायचे कुठे? 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. शाळकरी वयात त्यांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा नोकर ते गोणपाट शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे.

आता आजचे वाचन पुन्हा उघडू या. सभेत श्रीमंत येतो, गरीबही येतो. दाराशी कोणालाच अडवलेले नाही. एकाला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहा किंवा पायाशी बस असे सांगितले जाते. एवढ्यालाच संत याकोब पाप म्हणतो.

आपल्यातील काहींनी शाळेत मागच्या बाकावर बसून आपल्या बोलीला झालेले हसे सोसले आहे. ते आपण विसरत नाही. मात्र सणाच्या मिस्सेला आपण पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखतो? दूरच्या पाड्यावरून चालत आलेली आजी कुठे बसते?

या आठवड्याच्या समूहसभेत यावर बोलू या. धर्मशिक्षण वर्गातील मुलांनाही विचारू या, कोणाशेजारी कोणी बसत नाही. नावे मोठ्याने घ्यायला लावू नये, चिठ्ठीवर लिहू द्यावे.