कोऱ्या पानाचे भय

जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे चित्रकलेच्या तासाला नव्या चित्रवह्या बाकांवर येतात. दिवाळीच्या सुटीपूर्वी त्या तपासावयास घेतल्या की एक गोष्ट मला दरवर्षी आढळते. पुष्कळ वह्यांचे पहिले पान कोरे असते व चित्रे तिसऱ्या-चौथ्या पानापासून सुरू झालेली असतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: "सर, पहिल्या पानावर चांगले चित्र काढायचे आहे." काही वह्या तर अथपासून इतिपर्यंत कोऱ्याच असतात. हा आळस आहे असे समजून पूर्वी मी रागावत असे. आता रागावत नाही. कारण या कोरेपणाच्या मुळाशी बहुधा भय असते, आणि ते भय मी स्वतः भोगलेले आहे.

मी सातवीत असताना कापसाचे पैसे हाती आले, तेव्हा वडिलांनी परभणीच्या बाजारातून मला एक जाड कागदाची वही आणून दिली. आजीने ती हातात घेतली, पाने चाळून पाहिली व म्हणाली, "पहिलं मला काढ." ती ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडीत बसली होती. मी पेन्सिल घेऊन समोर बसलो खरा, परंतु हात पुढे होईना. नाक वाकडे आले तर? एवढी महाग वही पहिल्याच दिवशी बिघडली तर? आजीने थोडा वेळ वाट पाहिली आणि हसून म्हणाली, "काढ की रं बाळा, कागद काय खायलाय का तुला?" मी म्हणालो, "हात जरा बसू दे, मग काढतो." असे म्हणता म्हणता दोन वर्षे लोटली आणि ऐन उन्हाळ्यात आजी वारली. आज तिचे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे, तेही मतदार ओळखपत्रावरचे. त्यात कॅमेऱ्यापुढे दचकलेली एक वृद्ध स्त्री दिसते. आमची आजी दिसत नाही. वाकड्या नाकाचे का होईना, सूप धरलेल्या तिच्या हातांचे एक रेखाटन माझ्यापाशी असते, तर त्याचे मोल मला आज करता आले नसते. वही मात्र स्वच्छ राहिली.

हे भय कशातून उपजते, ते प्रथम पाहू. त्याची कारणे मला तीन दिसतात. पहिले, आपण चित्रवहीला प्रदर्शनाची भिंत समजतो. वास्तविक ती सरावाची जागा आहे. तालमीतल्या मातीवर पडण्याची लाज कोणी धरीत नाही. दुसरे, आपण आपल्या पहिल्या रेघेची तुलना दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या चित्राशी करतो. त्या चित्रापूर्वी त्याने किती कागद खर्ची घातले हे आपल्याला दिसत नाही. तिसरे व सर्वांत मोठे कारण हे की, पहिली रेघ हीच शेवटची रेघ, अशी आपली समजूत असते.

ही समजूत किती चुकीची आहे हे शिकण्यास फार दूर जावयास नको. आपल्या पिंगळीत सकाळी कोणत्याही अंगणाकडे पाहा. घरातील बाई आधी सडा घालते, म्हणजे जमीन तयार करते. मग रांगोळीचे ठिपके मोजून टाकते आणि नंतर ते जोडीत जाते. एखादी रेघ चुकली तर ती बोटाने पुसून पुढे सरकते. दुपारपर्यंत शेळ्या व लेकरे त्यावरून जातात, संध्याकाळी काही उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तितक्याच सहजतेने ठिपके टाकते. तिला कोऱ्या अंगणाचे भय का वाटत नाही? कारण आज चुकले तर उद्या अंगण आहेच, हे तिला ठाऊक असते. शिवाय ती मोकळ्या जागेवर एकदम आकृती काढीत नाही. आधी ठिपक्यांचा आधार घेते.

थोर चित्रकारांची रीतही याहून फारशी निराळी नव्हती. आपल्याच मराठवाड्यातील अजिंठ्याची लेणी घ्या. तेथील कारागिरांपुढे कोरा कागद नव्हता, ओबडधोबड कातळाची भिंत होती. त्यांनी मातीत भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू कालवून त्या भिंतीला लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला आणि मग आकृतींची पहिली रेखा काढली. पुढे रंग भरले आणि शेवटी गडद रेघेने आकृती पुन्हा पक्क्या केल्या. सबब, आज आपण जी डौलदार रेघ पाहून थक्क होतो ती पहिली रेघ नव्हे. पहिली रेघ तिच्या पोटात दडलेली आहे.

याच चित्रांच्या नकलांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला नकला करण्याच्या कामी नेमण्यात आले. त्याने अनेक वर्षे खपून मोठमोठी तैलचित्रे तयार केली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत नष्ट झाल्या. तरीही ग्रिफिथ्स यांनी हाती असलेल्या साहित्यावरून अजिंठ्याच्या चित्रांविषयीचा आपला द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षांचे श्रम जळाल्यावरही काम पुन्हा आरंभिणारी माणसे होऊन गेली. मग आपले एक पान बिघडले म्हणून आपण वही मिटून ठेवावी काय?

आता प्रत्यक्ष अभ्यासाचे काही नियम सांगतो. वर्गात मी ते अनेक मुलांकडून करवून घेतले आहेत.

१. नवी वही मिळेल त्याच दिवशी पहिले पान वापरा. त्यावर तारीख घाला. आडव्या, उभ्या, तिरप्या रेघा ओढा. पेन्सिलीने फिकटापासून गडदापर्यंत छटांची एक पट्टी करा. पान कोरे राहिले नाही म्हणजे निम्मे भय गेले.

२. पांढरेपणा फारच खुपत असेल तर अंगणाला सडा घालतात तसा पानालाही घाला. कागद जाड असल्यास गेरूचे किंवा कोऱ्या चहाचे पातळ पाणी फिरवून वाळवा. पातळ असल्यास कोळशाची पूड कापडाने हलकेच चोळा. मग अंधार कोळशाने भरा व उजेड खोडरबराने काढा.

३. एकदम बाह्यरेषा ओढू नका. वस्तूचा माथा, तळ, डावी व उजवी कड यांच्या जागी चार ठिपके द्या. हात सरळ लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत उंची व रुंदीचे प्रमाण मोजा. मग ठिपके जोडा.

४. घड्याळ लावून दोन मिनिटांत एक याप्रमाणे एका पानावर पाच रेखाटने करा. आपल्या स्टेशनावर गाडीची वाट पाहणारी माणसे, रवंथ करणारा बैल, दाणे टिपणारी कोंबडी हे विषय उत्तम. ती तुमच्यासाठी थांबत नाहीत, म्हणून भिण्यास सवडच उरत नाही.

५. एक आठवडा खोडरबर दप्तराबाहेर काढू नका. रेघ चुकली तर तिच्याशेजारी दुसरी, बरोबर रेघ ओढा. चुकलेली रेघ दिसत राहिली तरच सुधारणा कोठे झाली ते कळते.

६. एकच वस्तू, जसे पाण्याचा तांब्या, सात दिवस रोज काढा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) हे मोठे चित्रकार. तेही कोटितीर्थ तलावाच्या परिसराकडे वारंवार वळले व त्याची चित्रे त्यांनी काढली. पाहिलेली वस्तू पुन्हा पाहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

७. पान कधीही फाडू नका. फाडलेल्या पानाबरोबर त्यातील धडाही जातो.

या ठिकाणी पालकांस दोन शब्द सांगणे अगत्याचे वाटते. मुलाने वही पुढे केली असता "हे काय काढलेस?" असे विचारू नये, "हे तू कोठे बसून पाहिलेस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल खजील होते, दुसऱ्याने बोलू लागते. "कागद वाया घालवू नकोस" हे वाक्य आपण काटकसरीपोटी बोलतो, यात शंका नाही; परंतु ते ऐकून मुलाचा हात जो आखडतो तो पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. नवी वही परवडत नसेल तर पाठकोऱ्या कागदांची वही शिवून द्यावी. तिच्यावर मुले अधिकच निर्भयपणे काढतात, असा माझा अनुभव आहे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतही कोरा कागद समोर येतो व वेळ मोजून दिलेला असतो. ज्याने वर्षभर पाने भरली आहेत त्याचाच हात तेथे चालतो.

असो. माझ्या आजीने मागितलेले पहिले पान अद्याप कोरेच आहे. पुढे मी त्या वहीची उरलेली सर्व पाने भरली. परंतु ते एक तसेच राखले असून दर जूनमध्ये चित्रकलेच्या पहिल्या तासाला मी ते मुलांना दाखवतो. त्यावर काही नाही, म्हणूनच ते दाखविण्याजोगे आहे.

तरी, विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून झाल्यावर एक करा. तुमच्या घरात जे सर्वांत वडील माणूस असेल, त्याच्यासमोर आज संध्याकाळी वही घेऊन बसा. चेहरा जमत नसेल तर हात काढा, हातही जमत नसतील तर काठी व जोडे काढा. खाली तारीख घाला. ते वाकडे येईल, येऊ द्या. वाकडे चित्र उद्या सरळ करता येते, न काढलेले चित्र मात्र पुढे काढता येईलच असे नाही.