घरच्या कुत्र्यामांजरांचा आहार : एक उदाहरण

कुत्र्यास रोज किती खावयास घालावें, असें विचारल्यास बहुतेक घरीं 'तो मागेल तितकें' हेंच उत्तर मिळतें. हें उत्तर प्रीतीचें आहे खरें. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून जन्मभर चालविलेल्या एका प्रयोगाचें फलित २००२ सालीं प्रसिद्ध झालें. प्रत्येक जोडींत एकास दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश अन्न कमी मिळे. कमी खाणाऱ्यांपैकीं निम्मे १३ वर्षांपुढें जगले; त्यांच्या जोडीदारांपैकीं निम्मे मात्र ११.२ वर्षांच्या आंतच मेले.

तेव्हां माप हवें. अन्नाची शक्ति उष्मांकांत मोजतात; एक किलो पाण्याचें उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडनें वाढविणारी उष्णता तो एक उष्मांक. आतां चौपट वजनाच्या प्राण्यास चौपट अन्न लागेल, असें कोणासही वाटेल. परंतु तसें नाहीं. मॅक्स क्लायबर यांनीं १९३२ सालीं लहानमोठ्या प्राण्यांचीं मापें ताडून दाखविलें कीं, ही गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणांत वाढते.

पाऊण घात म्हणतांच विद्यार्थ्यांनीं घाबरूं नये. किलोंतील वजनाचा घन करावा, त्याचें वर्गमूळ काढावें, त्या वर्गमुळाचें पुन्हां वर्गमूळ काढावें आणि येईल त्या संख्येस ७० नें गुणावें. स्वस्थ पडून राहणाऱ्या प्राण्यास दिवसास लागणारे उष्मांक ते हेच. १६ किलोंच्या कुत्र्याचा घन ४०९६, वर्गमूळ ६४, पुन्हां वर्गमूळ ८. म्हणून ५६० उष्मांक. ४ किलोंच्या मांजराचा घन ६४, मग ८, मग २.८३, म्हणजे सुमारें १९८. वजन चौपट, पण गरज तिपटीहूनही कमी!

परंतु प्राणी नुसता पडून राहत नाहीं. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठीं या संख्येची १.६ पट, मांजरासाठीं १.२ पट धरतात. नसबंदी झालेली नसल्यास अनुक्रमें १.८ व १.४. चार महिन्यांच्या आंतील पिल्लास तिप्पट लागते. आमच्या कुत्र्यास याप्रमाणें ८९६ व मांजरास २३८ उष्मांक पुरतात. पाकिटांतील खाद्यांत १०० ग्रॅमला ३५० उष्मांक असतील, तर कुत्र्यास २५६ ग्रॅम पुरे. मध्यंतरीं दिला जाणारा खाऊ या हिशेबाच्या एकदशांशांत बसवावा. घरांतील वडील मंडळींनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, चमचाभर तुपांत सुमारें ४५ उष्मांक असतात. मांजराच्या दिवसभराच्या अन्नाचा तो जवळजवळ पांचवा हिस्सा होय.

कुत्रा कांट्यावर उभा राहत नसेल, तर त्यास उचलून आपण उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. हें सर्व अजमासाचें गणित आहे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज पुष्कळ भिन्न असूं शकते. म्हणून दर पंधरवड्यास वजन करून, बरगड्या हातास लागतात कीं नाहीं तें पाहून, माप कमीजास्त करावें. लठ्ठ मांजरास मात्र एकदम उपाशी ठेवूं नये. कांहीं दिवसांच्या उपासानें त्याच्या यकृतांत चरबी सांचून तें दगावूं शकतें. त्याचें अन्न पशुवैद्याच्या सल्ल्यानें हळूहळूच उतरवावें.